हात दाखवा, बस थांबवा

आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्रा रस्त्यावरच्या बसथांब्यावर एक मराठी कुटुंब उभं होतं. नवरा-बायको, दहाएक वर्षांचा मुलगा, आजी आणि चाकांच्या चार बॅगा. पाऊस पडतोय की नुसती हवाच ओली आहे हे कळू नये अशी ती तिथली नेहमीची सकाळ. ४१ नंबरची दुमजली बस विमानतळाची पाटी मिरवत आली आणि त्यांच्या समोरून सरळ निघून गेली. "अहो, थांबलीच नाही ती!" बायको म्हणाली. नवरा हातातली प्लास्टिकची फाइल उघडून काहीतरी पडताळत होता. "पाटी तर बरोबर होती," तो म्हणाला. आजींनी मफलर आवळला आणि विचारलं, "अरे, पण हात कुणी दाखवला?"

हसून सोडून द्यावं असाच प्रसंग, पण तो मनात टोचत राहिला तो त्या फाइलमुळे. फाइल फार नीट होती. विमानाची तिकिटं, राहण्याच्या जागेची पावती, मोहेरच्या समुद्रकड्यांच्या सहलीचं बुकिंग, सगळ्याच्या छापील प्रती, वर रंगीत चिठ्ठ्या. एवढी तयारी केलेल्या माणसाला बस चुकावी ती बस थांबवायची कशी हे ठाऊक नसल्यामुळे. आणि ज्या राज्यात एसटीनं 'हात दाखवा, गाडी थांबवा' अशी योजनाच चालवली, तिथल्या माणसाला! परदेशात गेल्यावर आपण उगाच समजून चालतो की इथे सगळं आपोआप होत असेल. डब्लिनच्या एकाच खांबावर चार-पाच मार्गांच्या बस थांबतात, त्यामुळे तुम्हाला यातली कोणती हवी आहे हे ड्रायव्हरला लांबूनच कळावं लागतं. हात रस्त्याच्या बाजूला आडवा, स्पष्ट धरायचा, आणि बस जवळ येण्याआधी धरायचा. उतरताना बहुतेक माणसं ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणून उतरतात, तेही दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

छोट्या सहलीचं गणित मोठ्या सहलीपेक्षा अवघड असतं. पंधरा दिवसांत अर्धा दिवस वाया गेला तर कुणाच्या लक्षातही राहत नाही, तीन दिवसांत गेला तर सहलीचा सहावा हिस्सा गेला. तरीही आपण नियोजन करतो ते पाहण्याच्या जागांपासून. आधी कडे, किल्ले, पब, मग हॉटेलचा दर, आणि विमानतळावरून तिथे जायचं कसं हे सगळ्यात शेवटी, बहुधा विमानात बसल्यावर. खरं तर हे उलटं करावं. पहिल्यांदा परतीच्या विमानाची वेळ घ्यावी, त्या सकाळी कितीला निघावं लागेल हे काढावं, त्या वेळी कोणती बस कुठून सुटते ते पाहावं आणि मग त्या बसच्या थांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर अंथरूण शोधावं. आयर्लंडमध्ये राहण्याची जागा आणि बस हे दोन वेगळे निर्णय नाहीतच. स्वस्त खोली चुकीच्या जागी असली, की तिचे वाचलेले पैसे पहाटेच्या टॅक्सीत जातात.

याचं मुख्य कारण डब्लिन विमानतळाला रेल्वे नाही. मेट्रोची चर्चा कित्येक वर्षं ऐकू येते, पण आज उतरणाऱ्या माणसाला रस्ताच धरावा लागतो. पर्याय तीन. शहराची साधी बस, खासगी एक्सप्रेस कोच आणि टॅक्सी. साधी बस सगळ्यात स्वस्त. ४१ नंबर तर चोवीस तास चालते. पण ती स्वोर्ड्‌स रोडवरून ड्रमकॉन्ड्रामार्गे थांबत थांबत जाते, आणि सकाळच्या गर्दीत पाऊण तास सहज जातो. काही एक्सप्रेस कोच २००६ साली सुरू झालेल्या पोर्ट टनेल या भुयारी रस्त्यातून येतात, गर्दी टाळतात, पण तिकीट साध्या बसच्या कितीतरी पट. चौघं असाल तर मात्र कोचची चार तिकिटं आणि एक टॅक्सी यांत फार फरक उरत नाही. टॅक्सी मीटरवर चालते, आणि २०२२ पासून प्रत्येक टॅक्सीवाल्यानं कार्ड घेणं बंधनकारक आहे. "कार्डाचं यंत्र बिघडलंय" हे ऐकून घेण्याचं कारण नाही.

साध्या बसमध्ये नोट चालत नाही. विमानतळावर पन्नासची नोट पुढे करणारा माणूस हे तिथलं रोजचंच दृश्य आहे. ड्रायव्हर शेजारच्या नाण्यांच्या पेटीकडे बोट दाखवतो, मागे रांग थांबलेली असते, आणि पेटीत टाकलेल्या जादा नाण्यांचे सुटे परत मिळत नाहीत. म्हणून टर्मिनलच्या आतच, सामान घेऊन बाहेर पडताना, दुकानातून लीप कार्ड घ्यावं. यातही दोन जाती आहेत. साधं लीप कार्ड, ज्यात पैसे भरायचे; मोठ्या माणसाला दोन युरोत नव्वद मिनिटं, त्या वेळात बस, ट्रॅम, लोकल काहीही बदला, आणि दिवसाला ठरावीक मर्यादेपुढे पैसे कापले जात नाहीत. दुसरं पाहुण्यांचं लीप व्हिजिटर कार्ड, एक, तीन किंवा सात दिवसांचं; सध्या ८, १६ आणि ३२ युरो. यातली मेख अशी की दिवस म्हणजे तारीख नव्हे, पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासूनचे चोवीस तास. शुक्रवारी रात्री आठला विमानतळाच्या बसमध्ये टेकवलं तर तीन दिवसांचं कार्ड सोमवारी रात्री आठपर्यंत चालतं, म्हणजे परतीच्या बससकट. खासगी कोचला मात्र ते लागू नाही. बसमध्ये कार्ड फक्त चढताना टेकवायचं. लुआस ट्रॅमला आणि डार्ट लोकलला फलाटावर चढण्याआधीही आणि उतरल्यावरही. लुआसच्या फलाटांना दरवाजे-फाटकं नाहीत, त्यामुळे विसरणं सोपं, आणि तपासनीस साध्या वेशात असला तर पर्यटक असल्याची सबब चालत नाही.

थांब्यावरच्या फलकावर मिनिटं दिसतात. त्यांवर विश्वास ठेवावा, पण अर्धाच. चार मिनिटं, दोन मिनिटं, 'ड्यू' असं होत होत बस फलकावरूनच नाहीशी होते आणि रस्त्यावर काहीच येत नाही. डब्लिनकर अशांना भुताच्या बस म्हणतात. कारण साधं आहे. फलक कधी बसचं खरं ठिकाण दाखवतो आणि कधी नुसतं वेळापत्रक, आणि रद्द झालेली फेरी वेळापत्रकात असतेच. प्रत्येक थांब्याच्या खांबावर एक क्रमांक लिहिलेला असतो. तो टीएफआय लाइव्ह या ॲपमध्ये टाकला की त्याच थांब्याची माहिती मिळते. नावानं शोधलं तर रस्त्याच्या पलीकडचा थांबा हाती लागून उलट दिशेला जाण्याची सोय होते.

आता अंथरुणाकडे. लिफी नदी डब्लिनला मधोमध कापते. उत्तरेकडचे जुने टपाल-विभाग विषम क्रमांकाचे, दक्षिणेकडचे सम. डब्लिन १ आणि डब्लिन २ हे दोन्ही मध्यवर्ती, पण दुसरं महाग. नवख्या माणसाला टेंपल बार या पबांच्या भागात राहण्याचा मोह होतो, कारण नाव ऐकलेलं असतं आणि नकाशावर ते बरोबर मध्यभागी आहे. तिथल्या दगडी गल्ल्यांत रात्री दोनपर्यंत गाणी चालतात, मग बाहेर पडलेल्यांच्या गप्पा, आणि पहाटे पिंपांतून काचेच्या बाटल्या कचरागाडीत ओतल्या जातात. तो आवाज ज्यानं ऐकला आहे तो पुन्हा तिथे खोली घेत नाही. त्याच गाण्यांसाठी संध्याकाळी दहा मिनिटं चालत जावं आणि झोपायला दुसरीकडे यावं, हे शहाणपणाचं. लुआस ट्रॅमच्या लाल मार्गावरचं स्मिथफील्ड, हिरव्या मार्गावरचं हारकोर्ट किंवा रॅनेला, लोकलनं कॉनोली या रेल्वे स्थानकाच्या पुढच्याच स्थानकावरचं समुद्रकाठचं क्लॉन्टार्फ, आणि विमानतळाच्या वाटेवरचं ड्रमकॉन्ड्रा, या सगळ्या जागा राहायला बऱ्या. विमानतळाशेजारची हॉटेलं दिसायला स्वस्त असतात; एका रात्रीसाठी, पहाटेच्या विमानासाठी ती ठीक. तीन रात्री तिथे राहून रोज शहरात ये-जा करणं म्हणजे मेजवानीला जाऊन ओसरीवर बसण्यासारखं आहे.

ड्रमकॉन्ड्राचं एक पथ्य मात्र आहे. त्याला लागूनच क्रोक पार्क आहे, ब्याऐंशी हजारांवर प्रेक्षक मावतील एवढं मैदान. जुलैमध्ये हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) आणि गेलिक फुटबॉलचे अंतिम सामने, उन्हाळाभर मोठे संगीताचे कार्यक्रम. त्या तारखांना नुसता तो भागच नव्हे, अख्ख्या शहरातल्या खोल्यांचे दर दुप्पट-तिप्पट होतात. तारखा ठरवण्याआधी क्रोक पार्क आणि दक्षिणेकडचं अविवा स्टेडियम, दोन्हींचं वेळापत्रक पाहायला पाच मिनिटं लागतात. १७ मार्चचा सेंट पॅट्रिक दिवस हा तर प्रश्नच नाही. त्या आठवड्यात जायचं तर कित्येक महिने आधी खोली धरावी, नाहीतर जाऊच नये. एरवीही डब्लिनमध्ये खोल्या कमी आणि माणसं जास्त हे जुनंच दुखणं. त्यात २०२२ नंतर युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारनं बरीच हॉटेलं करारावर घेतली. पर्यटकाला हे दिसतं ते फक्त दराच्या आकड्यात. पण विस्थापितांना छप्पर मिळालं म्हणून आपली खोली वीस युरोनं महागली, तर त्याबद्दल कुरकुर करताना जीभ जरा अडखळावी.

उन्हाळ्यात एक चांगली वाट असते. विद्यार्थी घरी गेले की विद्यापीठं आपल्या वसतिगृहांच्या खोल्या पाहुण्यांना देतात. ट्रिनिटी कॉलेजच्या आवारात, शहराच्या अगदी पोटात, अशा खोल्या मिळतात. काही जुन्या इमारतींत लिफ्ट नाही आणि काही खोल्यांना न्हाणीघर सामायिक असतं, एवढं वाचून घ्यावं. लिफ्टचा प्रश्न जुन्या जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकाच्या धाटणीच्या, घरांतल्या गेस्टहाउसलाही आहे. उंच दरवाजे, अर्धवर्तुळाकार खिडकी, आत सुंदर जिना. आणि तोच जिना तेवीस किलोची बॅग घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढायचा. आजी-आजोबा बरोबर असतील तर 'तळमजल्याची खोली मिळेल का' असं बुकिंगच्या वेळीच लिहून विचारावं. आल्यावर विचारून उपयोग नसतो, कारण खोल्याच सहा असतात.

बी अँड बी, म्हणजे घरगुती मुक्काम आणि सकाळचा नाश्ता, ही तिथली खास चीज. घराला घरपण असतं: पायाखाली जाड गालिचा, खिडकीत चिनी मातीची कुत्री, खोलीत चहाची किटली. न्हाणीघरात दोरी लोंबते. ती ओढल्याशिवाय विजेच्या शॉवरला वीज जात नाही, आणि ती न ओढता थंडगार पाण्यात अंघोळ केलेल्या भारतीयांची संख्या बरीच असावी. बेसिनला कित्येकदा गरम आणि गार असे दोन वेगळे नळ. एक भाजतो, दुसरा गोठवतो. खोल्या तापवण्याची व्यवस्था बहुधा घड्याळावर चालते, त्यामुळे दुपारी रेडिएटर गार असला तर तो बिघडलेला नसतो. प्लग ब्रिटिश धाटणीचे, चपट्या चौकोनी तीन पिनांचे. आपले गोल पिनांचे बसत नाहीत. नाश्ता भरपेट, पण ठरलेल्या वेळातच, साधारण आठ ते साडेनऊ. सकाळी सातची गाडी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवलं की अनेक मालकीणबाई काहीतरी बांधून देतात. शाकाहारी असाल तर ओट्सची लापशी, अंडी चालत असतील तर अंडी, आणि ती अप्रतिम तपकिरी सोडा ब्रेड. ताटातल्या काळ्या चकत्या मात्र ओट्स आणि डुकराच्या रक्ताच्या असतात, नावात पुडिंग असलं तरी.

डब्लिनच का, असाही एक प्रश्न विचारावा. शहराची सहल म्हणजे राजधानीच, असं कुणी सांगितलं? डब्लिन विमानतळाच्या दारातूनच पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहराला थेट कोच जातात, अडीच-तीन तासांत. शहरात शिरायचंच नाही. गॉलवेत कोचचा थांबा, रेल्वे स्थानक आणि आयर चौक एकमेकांना चिकटून, आणि तिथून शॉप स्ट्रीटवरून स्पॅनिश आर्चपर्यंत दहा-बारा मिनिटांची चाल. तीन दिवसांत शहराच्या बसची गरज जवळपास पडत नाही. सॉल्टहिलच्या समुद्रकाठी राहिलात तर ४०१ नंबर. मोहेरचे कडे डब्लिनहून एका दिवसात पाहणं म्हणजे बारा तासांतले बहुतेक तास बसच्या खिडकीत. गॉलवेहून ३५० नंबरची बस डूलिनमार्गे थेट कड्यांपाशी जाते. फक्त फेऱ्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ आधी टिपून मगच कड्यावर चालायला लागावं. गॉलवेचंही पथ्य आहे: जुलैचा कला महोत्सव, आणि त्यामागोमाग महिन्याच्या शेवटी घोड्यांच्या शर्यती. शर्यतींच्या आठवड्यात तिथे साधी खोलीही राजवाड्याच्या भावानं जाते.

दक्षिणेचं कॉर्क शहरही तसंच सोयीचं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकाहून साधारण अडीच तासांची रेल्वे, केंट स्थानकापासून गावात पायी पंधरा मिनिटं. त्याच स्थानकावरून पंचवीस मिनिटांत कोव्हला जाणारी लोकल मिळते. खाडीकाठानं, पाण्याला अगदी लगटून जाते. टायटॅनिक ११ एप्रिल १९१२ रोजी शेवटची थांबली ते हे बंदर. कॉर्कच्या विमानतळासाठी २२६ नंबरची बस केंट स्थानकावरूनच सुटते. डब्लिन-कॉर्क गाडीचं तिकीट रेल्वेच्या संकेतस्थळावर आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं आणि आसनावरच्या छोट्या पडद्यावर आपलं नाव झळकतं. तिथे कुणी दुसरा बसलेला असेल तर नम्रपणे नावाकडे बोट दाखवावं. माणसं विनातक्रार उठतात.

नकाशा फसवतो तो गॉलवे आणि कॉर्क जोडताना. दोन्ही पश्चिम-दक्षिणेला, वितभर अंतरावर, म्हणजे दोन रात्री इथे, एक तिथे, असं कागदावर झकास जमतं. पण आयर्लंडचे लोहमार्ग बहुतेक डब्लिनकडे तोंड करून आहेत. गॉलवे-कॉर्क थेट गाडी नाही. ५१ नंबरची बस आहे, लिमरिकवरून, चार तासांच्या पुढे. तीन दिवसांतला अर्धा दिवस त्या बसमध्ये, आणि शिवाय खोली सोडण्याची वेळ सकाळी अकरा, नवी मिळण्याची दुपारी तीन. मधले तास बॅगा ओढत. तीन रात्रींच्या सहलीत अंथरूण बदलू नये, हे माझं ठाम मत. बदलायचंच असेल तर उतरावं एका विमानतळावर आणि परतावं दुसऱ्यावरून, म्हणजे उलटा प्रवास तरी वाचतो.

गाडी भाड्यानं घ्यावी का? शहरासाठी मुळीच नाही. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून मन लोभावतं. पण पार्किंगचा खर्च खोलीच्या खर्चाशी स्पर्धा करतो, आणि डब्लिनभोवतीच्या एम ५० महामार्गावर टोलनाकाच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत आपण होऊन पैसे भरायचे असतात. नाका दिसला नाही म्हणून पुढे गेलेल्यांना दंड नंतर घरी पोचतो.

बेलफास्टचा मोह भारतीय पासपोर्टवाल्यांनी जपून करावा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून कॉनोलीहून तासातासाला गाडी आहे, दोन तासांत पोचवते, सरहद्दीवर सहसा कुणी काही विचारत नाही. नेमकं यामुळेच घोटाळा होतो. रुळाच्या त्या बाजूला युनायटेड किंग्डम सुरू होतं, चलन पौंड होतं, आणि नुसत्या आयरिश व्हिसावर तिथे जाता येत नाही. व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा 'बीआयव्हीएस' शेरा असेल तर दोन्ही देश चालतात, आणि आधी ज्यानं व्हिसा दिला त्या देशात उतरावं लागतं. शेंगेन व्हिसाचा तर आयर्लंडला काहीच उपयोग नाही. पॅरिसहून 'जाता जाता डब्लिन' हा बेत अनेकांचा तिथेच मोडतो.

ऋतूचं म्हणाल तर तो पावसापेक्षा उजेडानं ओळखावा, कारण पाऊस बारा महिने आहे. जूनअखेर डब्लिनला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, गॉलवेत आणखी थोडा उशिरा. दुपारी चारला पोचूनही अख्खा दिवस हातात. डिसेंबरात चार वाजून गेले की काळोख, म्हणजे उशिरा पोचणारं स्वस्त विमान एक दिवस खाऊन टाकतं. रविवारी बस उशिरा सुरू होतात आणि कमी असतात. सोमवारच्या बँक सुट्ट्या, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, शनिवार-रविवारला जोडून आल्या की देशभरातले आयरिश लोकही सहलीला निघतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारला जोडून कॉर्कला जॅझ महोत्सव असतो, तेव्हा तर पाहायलाच नको. आणि नाताळ. २५ डिसेंबरला सार्वजनिक बस, ट्रॅम, रेल्वे सगळं बंद, डब्लिन विमानतळावरून एकही प्रवासी विमान नाही, दुसऱ्या दिवशीही फेऱ्या तुटपुंज्या. सुट्टी स्वस्त दिसते म्हणून ते दिवस निवडणारे बरेच असतात. निवडलेच तर २४ च्या दुपारपर्यंत पोचावं, चालत फिरता येईल अशा मध्यवर्ती हॉटेलात राहावं, आणि त्या दिवशीचं जेवण तिथे मिळतं का हे आधी विचारावं. बहुतेक ठिकाणी ते आगाऊ नाव नोंदवणाऱ्यांपुरतंच असतं, आणि रस्त्यावर तेव्हा क्वचितच एखादं दुकान उघडं सापडतं.